आयोडीन वितळतं, मुलं बरोबर आहेत: स्थायू थेट वाफ कसा होतो?

विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. वर्गात त्यांनी परीक्षानळीत आयोडीन तापवलं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे जांभळी वाफ निघाली, पण नळीच्या तळाशी काळपट, डुचमळणारा द्रवही दिसला. मुलं म्हणाली, "सर, हे तर वितळलं!" पुस्तक म्हणतं आयोडीन न वितळता थेट वाफ होतं. मग बरोबर कोण? स्थायू थेट वाफ होतो तेव्हा आत नक्की काय घडतं, ठरावीकच पदार्थ असं का वागतात, याचा उपयोग कुठे होतो आणि मुलांना परीक्षेत काय लिहायला सांगायचं, हेही त्यांना हवं आहे.

मुलं बरोबर आहेत. आयोडीन ११३.७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि १८४ अंशांना उकळतं. मधली सत्तर अंशांची पट्टी पूर्णपणे द्रवाची आहे. बर्नरच्या ज्योतीवर नळी धरली की तळ झपाट्याने ११४ अंशांच्या वर जातो, आणि द्रव दिसला नाही तरच नवल. हेच आयोडीन गरम पाण्यावर ठेवून ६०-७० अंशांपर्यंत हळूहळू तापवलं तर द्रवाचा थेंबही दिसत नाही, नुसती जांभळी वाफ. पदार्थ तोच, फरक तापवण्यात आहे. पुस्तकांनी यातला दुसरा प्रयोग डोळ्यांसमोर ठेवून पहिल्याबद्दल विधान केलंय.

माझं काम इंजेक्शनची औषधं कुपीतच गोठवून वाळवण्याचं, म्हणजे बर्फाची थेट वाफ करून पाणी काढण्याचं. त्याआधी प्रयोगशाळेत सेंद्रिय पदार्थ शुद्ध करायचो, तिथेही संप्लवनाशी, म्हणजे स्थायूची थेट वाफ होण्याशी, रोजचा संबंध. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. आधी मुळाशी जाऊ.

स्थायूतले रेणू जागेवर बांधलेले असतात हे खरं, पण ते स्वस्थ नसतात. प्रत्येक रेणू आपल्या जागी थरथरत असतो आणि सगळ्यांची ऊर्जा सारखी नसते. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, पृष्ठभागावरच्याला वरून कोणी नसतं. त्यातही स्फटिकाचा पृष्ठभाग सपाट नसतो. त्यावर एकेका रेणूच्या उंचीच्या पायऱ्या असतात आणि त्या पायऱ्यांना कोपरे असतात. कोपऱ्यावरच्या रेणूचे जेमतेम निम्मे बंध शिल्लक असतात. कोसेल आणि स्ट्रान्स्की यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे चित्र मांडलं आणि ते आजही टिकून आहे. स्फटिक बहुतेक या कोपऱ्यांपासून झिजतो. एक रेणू निसटला की त्याच्या शेजारचा नवा कोपरा होतो, मग त्याची पाळी. निसटलेला रेणू सरळ हवेत जातो. वाटेत त्याला 'द्रव' व्हावं लागत नाही, कारण द्रव ही एकट्या रेणूची अवस्था नाहीच, ती अनेक रेणूंच्या मांडणीची अवस्था आहे.

(एक कंस इथेच टाकतो. बर्फाच्या बाबतीत शून्य अंशाच्या जवळ पृष्ठभागावरचे काही थर द्रवासारखे सैल असतात. फॅरडेने १८५० साली ही कल्पना मांडली आणि ती पुढे खरी ठरली. म्हणजे 'थेट' हा शब्दही शून्याजवळ थोडा सैलच घ्यायचा. पण −४० अंशांवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला त्याची फिकीर करावी लागत नाही.)

रेणू निसटतात तसे हवेतले परतही येतात. बंद डब्यात काही वेळाने जाणारे आणि येणारे सारखे होतात. त्या वेळी वाफेचा जो दाब असतो तो त्या स्थायूचा त्या तापमानाचा बाष्पदाब. हा प्रत्येक स्थायूला असतो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, लोखंडालाही आणि मिठालाही. प्रश्न फक्त किती याचा. बर्फाचे आकडे मला पाठ आहेत, कारण आमचा सगळा धंदा त्यावर चालतो: शून्य अंशाला ६११ पास्कल, −२० ला १०३, −४० ला १३ च्या आसपास, −६० ला जेमतेम १. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, त्या मानाने हे आकडे क्षुल्लक वाटतील. तरी फ्रीजरमध्ये महिनोन्‌महिने राहिलेले बर्फाचे खडे लहान होतात, कडाक्याच्या थंडीत दोरीवर गोठलेले कपडे न ठिबकता वाळतात आणि शून्याखालच्या कोरड्या वाऱ्यात बर्फाचा थर न वितळता पातळ होत जातो, हे सगळं याच क्षुल्लक दाबाने होतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. शिकलेली माणसंही सांगतात की बर्फाचं संप्लवन व्हायला हवेचा दाब ६११ पास्कलच्या खाली न्यावा लागतो. तसं असतं तर दोरीवरचे कपडे वाळलेच नसते. बर्फाला भोवतालच्या हवेचा एकूण दाब काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्या हवेत पाण्याची वाफ किती आहे याच्याशी आहे. वाफेचा दाब बर्फाच्या बाष्पदाबापेक्षा कमी असेल तर बर्फ जाणार, जास्त असेल तर उलट त्यावर हिमकण बसणार. हवेचा एकूण दाब फक्त वेग ठरवतो, कारण निसटलेल्या रेणूला हवेच्या गर्दीतून वाट काढावी लागते.

मग ६११ पास्कल या आकड्याचं महत्त्व काय? ०.०१ अंश तापमान आणि ६११.६६ पास्कल दाब हा पाण्याचा त्रिक बिंदू. तिथे बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र सुखाने नांदतात. हा बिंदू इतका पक्का आहे की २०१९ पर्यंत तापमानाचं केल्विन हे एकक त्यावरच बेतलेलं होतं. वाफेचा दाब या आकड्याच्या खाली असेल आणि हवा वगैरे दुसरं काही दाबायला नसेल, तर पाणी द्रव म्हणून टिकूच शकत नाही. बर्फ तापवा, तो वाफच होईल.

जवळजवळ प्रत्येक पदार्थाचा असा एक त्रिक बिंदू असतो, आणि तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. एखादा स्थायू उघड्यावर तापवत नेला की त्याचा बाष्पदाब वाढत जातो. तो वातावरणाच्या दाबाला आधी गाठतो की वितळण्याचं तापमान आधी येतं, अशी ही शर्यत आहे. कार्बन डायऑक्साइडचा त्रिक बिंदू −५६.६ अंशांवर आहे, पण तिथला दाब वातावरणाच्या पाचपटीहून जास्त. त्यामुळे उघड्यावर तो तिथवर पोचतच नाही, −७८.५ अंशांनाच त्याचा बाष्पदाब वातावरणाएवढा होतो आणि तो जोरात वाफ होऊ लागतो. उघड्यावर कितीही आच द्या, कोरडा बर्फ, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, ओला होणार नाही. अशी 'न वितळणारी' मंडळी मोजकीच आहेत. आर्सेनिक साधारण ६१५ अंशांना थेट वाफ होतं. वितळवायचं तर बंद भांड्यात वातावरणाच्या छत्तीसपट दाब लागतो. ग्रॅफाइटचंही तेच, फक्त तापमान साडेतीन हजार अंशांच्या वर. सल्फर हेक्साफ्लोराइड आणि हेक्झाक्लोरोइथेन त्याच पंगतीतले. युरेनियम हेक्साफ्लोराइड ५६.५ अंशांना थेट वायू होतो, म्हणूनच युरेनियमचे समस्थानिक वेगळे करायला हा एरवी अतिशय त्रासदायक पदार्थ वापरतात.

आता पुस्तकातली नेहमीची यादी घ्या: आयोडीन, कापूर, नॅप्थलीन, नवसागर. यातला एकही वरच्या पंगतीत बसत नाही. आयोडीनचा त्रिक बिंदूवरचा दाब वातावरणाच्या जेमतेम आठवा हिस्सा. नॅप्थलीन ८० अंशांना छान वितळतं आणि २१८ अंशांना उकळतं, डांबरगोळी तापवून कुणीही पाहू शकतो. कापूर १७५ ते १८० अंशांच्या दरम्यान वितळतो. पण त्याचा त्रिक बिंदूवरचा दाब वातावरणाच्या जवळजवळ निम्मा असल्याने वितळेपर्यंत बराचसा उडून गेलेला असतो आणि बघणाऱ्याला वाटतं की तो वितळलाच नाही. बंद नळीत तो बिनबोभाट वितळतो. पूर्वीचे रसायनशास्त्रज्ञ अनोळखी पदार्थाचं रेणुवस्तुमान काढायला वितळलेला कापूरच वापरत. राश्टची पद्धत म्हणतात ती हीच. कापरात थोडा पदार्थ विरघळवला की त्याचा द्रवणांक पुष्कळ उतरतो, साध्या तापमापकावरही फरक दिसतो. कापूर वितळत नसता तर ही पद्धत निघालीच नसती.

नवसागर तर या यादीतला तोतया आहे. तो तापवला की पांढरा धूर निघतो आणि वर थंड काचेवर पुन्हा नवसागर जमतो, म्हणून त्याला यादीत बसवलं. प्रत्यक्षात तापताना तो फुटतो, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू होतात, आणि वर थंडाव्यात ते पुन्हा एकत्र येतात. ही रासायनिक क्रिया झाली, अवस्थाबदल नव्हे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या वाफेची घनता अपेक्षेच्या निम्मी भरायची आणि त्यामुळे अॅव्होगॅड्रोच्या नियमावरच (सारख्या तापमान-दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणू सारखेच) शंका घेतली गेली होती. वर्गात दाखवायला सोपं आहे. नळीत नवसागर, त्यावर काचलोकरीचा बोळा आणि बोळ्याच्या वर ओला तांबडा लिटमस. अमोनिया हलका, हायड्रोजन क्लोराइडच्या निम्म्याहून कमी वजनाचा, म्हणून बोळ्यातून तो आधी बाहेर पडतो आणि लिटमस निळा होतो. नवसागर जसाच्या तसा वाफ झाला असता तर हे झालं नसतं.

मग कापूर आणि आयोडीन यांची एवढी प्रसिद्धी का? कारण वितळण्याच्या खूप खालीसुद्धा त्यांचा बाष्पदाब भरपूर आहे. रेणू एकमेकांना दुबळ्या बळांनी धरून असतात, मिठासारख्या विद्युतभारांच्या किंवा हिऱ्यासारख्या पक्क्या बंधांच्या जोरावर नाही. पण दुबळी पकड एवढंच कारण असतं तर असे पदार्थ सहज वितळलेही असते. त्यात रेणूच्या आकाराचा भाग मोठा आहे, आणि तो शाळेत सांगितला जात नाही. पेंटेनची दोन रूपं बघा, अणू तेच आणि तेवढेच. सरळ साखळीचा पेंटेन −१३० अंशांना वितळतो आणि ३६ अंशांना उकळतो, म्हणजे १६६ अंश तो द्रव असतो. त्याचाच गोल, सममित भाऊ निओपेंटेन −१६.६ ला वितळतो आणि ९.५ लाच उकळतो. द्रव अवस्थेला जेमतेम २६ अंश मिळतात. गोल रेणू स्फटिकात राहूनही जागच्या जागी फिरू शकतो, त्यामुळे वितळून त्याला फारसं नवं स्वातंत्र्य मिळत नाही आणि स्फटिक जास्त तापमानापर्यंत टिकतो. उकळणं मात्र पकडीवर ठरतं, आणि पकड दुबळीच. परिणाम असा की द्रवाची जागा दोन्हीकडून आक्रसत जाते. कापराचा रेणू असाच गोलसर आहे, आणि त्याच्या वितळण्या-उकळण्यातही सुमारे तीसच अंशांचं अंतर आहे.

आता उष्णतेकडे येतो, कारण प्रत्यक्ष कामात सगळं तिथेच अडतं. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात, शून्य अंशाच्या पाण्याची वाफ करायला २,५०१. बर्फाची थेट वाफ करायला दोन्हींची बेरीज, सुमारे २,८३५. मधली पायरी टाळली म्हणून ऊर्जेत सूट मिळत नाही. आणि ही उष्णता बाहेरून दिली नाही तर बर्फ ती स्वतःतून काढतो. शंभर ग्रॅम बर्फातला एक ग्रॅम वाफ झाला, तर उरलेला बर्फ तेवढ्याने साडेतेरा अंशांनी थंड होतो. थंड झाला की बाष्पदाब पडतो आणि संप्लवन मंदावतं. स्वतःलाच ब्रेक लावणारी ही क्रिया आहे.

निर्वातात रेणू किती वेगाने निसटू शकतात याचं गणित हर्ट्झ, नुडसेन आणि लँगम्यूर यांच्या कामातून आलंय. −२० अंशांच्या बर्फासाठी ते मांडलं तर दर चौरस मीटरमागे सेकंदाला १२० ग्रॅम असं उत्तर येतं. म्हणजे तासाभरात जवळपास अर्धा मीटर जाडीचा बर्फ गायब! आमच्या यंत्रात प्रत्यक्षात तासाला चौरस मीटरमागे साधारण एखादा किलो निघतो, तोही बरा दिवस असला तर. शेकडोपटींचा हा फरक कुठे जातो? तो वेग टिकवायला चौरस मीटरमागे ३४० किलोवॉट उष्णता सतत द्यावी लागेल, आणि ती बर्फ न वितळवता द्यायची कशी हे कुणालाच जमलेलं नाही. रेणू जायला तयारच असतात. त्यांना लागणारी उष्णता पोचवणं आणि निघालेली वाफ हटवणं, वेळ खातात ती ही दोन कामं.

लायो, म्हणजे फ्रीज ड्रायर, याच दोन कामांसाठी बांधलेला असतो. औषधाचं द्रावण भरलेल्या कुप्या शेल्फवर ठेवायच्या, रबरी बूच अर्धवट बसवलेलं. शेल्फ −४० च्या खाली नेऊन सगळं कडक गोठवायचं, मग चेंबरमधला दाब दहा-वीस पास्कलपर्यंत उतरवायचा आणि शेल्फला हळूहळू ऊब द्यायची. बर्फ वरून खाली मागे हटत जातो आणि मागे औषधाचा कोरडा, सच्छिद्र गठ्ठा उरतो. त्याला आम्ही केक म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव टिकवायला हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं आणि तिथून ते औषधनिर्मितीत रुळलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की व्हॅक्यूम पंप पाण्याची वाफ खेचून घेतो. दहा पास्कल दाबाला एक ग्रॅम बर्फाची वाफ साडेअकरा घनमीटर जागा व्यापते. एक ग्रॅम! इतकी वाफ गिळणारा पंप शोधायला जाऊ नये. वाफ खरी पकडतो तो कंडेन्सर, −६० अंशांच्या खालची थंडगार नळ्यांची वेटोळी. तिथे बाष्पदाब एक पास्कलहून कमी, कुपीत वीस-तीस पास्कल, आणि या उतारावरून वाफ आपोआप तिकडे धावते व पुन्हा बर्फ होऊन बसते. पंपाचं काम फक्त वाटेतली हवा काढून टाकण्याचं. वोलस्टनने १८१३ साली एका टोकाला थंडी देऊन दुसऱ्या टोकाचं पाणी गोठवणारी काचेची नळी दाखवली होती, तत्त्व हेच.

नव्या माणसाचा हात हमखास एका ठिकाणी चुकतो. वाळवण रेंगाळलं की तो दाब आणखी खाली नेतो. जास्त निर्वात म्हणजे जास्त वेग, असा सरळ हिशोब. होतं उलटं. कुपीचा तळ किंचित आत वळलेला असतो, शेल्फशी तो मोजक्या ठिकाणीच टेकतो. उरलेल्या फटीतून उष्णता पोचवतात ते तिथले वायूचे विरळ रेणू. दाब उतरवला की हे वाहकच कमी होतात, कुपीला ऊब मिळत नाही, बर्फ थंड होतो आणि बाष्पदाब पडतो. म्हणून चांगला चालवणारा माणूस नायट्रोजनची बारीक धार सोडून दाब मुद्दाम थोडा वर धरून ठेवतो. निर्वात थोडा 'बिघडवून' वाळवण लवकर होतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

मग ऊब भरपूर का देत नाही? कारण वर मर्यादा आहे. साखरेचं द्रावण गोठवलं की बर्फाच्या स्फटिकांमध्ये साखर-पाण्याचा काचेसारखा कडक भाग उरतो, आणि तो −३२ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. त्याच्या वर गेलात की केक बसतो, कोलॅप्स होतो. कुपीच्या तळाशी आक्रसलेला, चिकट गोळा दिसला की बॅच गेलीच म्हणून समजा. मिठाच्या पाण्याची मर्यादा −२१. मॅनिटॉल हे साखरेच्या जातीचं द्रव्य बरंच सोसतं, शून्याच्या एक-दोन अंश खालपर्यंत. त्या मर्यादेच्या जितकं जवळ चालवाल तितका वेळ वाचतो, बर्फाचं तापमान एका अंशाने वाढलं तर वाळवण्याचा वेळ सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. गोठवण्याची पद्धतही महत्त्वाची. सावकाश गोठवलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, ते गेले की मागे मोठी छिद्रं राहतात आणि खालच्या वाफेला वाट मोकळी मिळते. घाईने गोठवलं तर छिद्रं बारीक होतात आणि वाफ अडते.

बर्फ संपला हे कळतं कसं, हा माझा आवडता भाग. चेंबरला दोन दाबमापक असतात. एक आतल्या पातळ पडद्यावर पडणारा वायूचा दाब सरळ मोजतो. दुसरा, पिरानी, तापलेल्या तारेची उष्णता वायू किती पळवतो यावरून दाब ठरवतो. पाण्याची वाफ नायट्रोजनपेक्षा जास्त उष्णता पळवते, त्यामुळे चेंबरमध्ये वाफ असेपर्यंत पिरानी साधारण ६० टक्के जास्त आकडा दाखवत राहतो. बर्फ संपत आला की त्याचा आलेख खाली झुकतो आणि पहिल्या मापकाला येऊन मिळतो. दोन्ही रेषा जुळल्या की संप्लवन आटोपलं, आता शेल्फ २५ ते ४० अंशांपर्यंत नेऊन चिकटून राहिलेलं पाणी काढायला हरकत नाही. रेषा जुळण्याआधी तापमान वाढवलं तर उरलेला बर्फ कुपीतच वितळतो आणि केक आतून विरघळतो.

प्रयोगशाळेतलं शुद्धीकरण यापुढे साधं आहे. अशुद्ध पदार्थ खाली, निर्वात नळी, आत वरून लोंबणारं थंड पाण्याचं काचेचं बोट. खालून हलकी ऊब दिली की उडणारा पदार्थ बोटावर जमतो, न उडणारा कचरा तळाशी राहतो. कॅफीन असं शुद्ध करतात. ते २३५ अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी खाली त्याच्या पांढऱ्या, रेशमी सुया काचेवर उगवायला लागतात. स्क्रीनमध्ये वापरतात ते प्रकाश देणारे सेंद्रिय पदार्थही याच तत्त्वावर शुद्ध करतात.

कधी हीच क्रिया नको असते. बल्बच्या टंगस्टनच्या तारेचा द्रवणांक ३,४२२ अंश, तार तापते साधारण अडीच हजारांपर्यंत, तरी ती झिजते आणि काच आतून काळवंडते. निर्वात बल्बमध्ये हे लवकर व्हायचं. १९१३ मध्ये लँगम्यूरने बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरायची पद्धत आणली. निसटलेला टंगस्टनचा अणू वायूच्या गर्दीत अडखळून बऱ्याचदा तारेवरच परत येतो.

पृथ्वीबाहेर तर द्रव हाच अपवाद. धूमकेतू सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे तिप्पट अंतरावर आला की त्यातलं बर्फ जोमाने वाफ होऊ लागतं, शेपटी त्यातूनच निघते. मंगळावरचा हवेचा दाब पाण्याच्या त्रिक बिंदूच्या आसपास घोटाळतो. जून २००८ मध्ये फिनिक्स यानाने तिथे खणलेल्या चरात पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांत ते नाहीसे झाले. मीठ असतं तर ते जागीच राहिलं असतं आणि कार्बन डायऑक्साइडचं बर्फ तेवढ्या उबेत टिकलंच नसतं. पाण्याचं बर्फ आहे हे असं त्याच्या नाहीसं होण्यावरून कळलं.

परीक्षेपुरतं म्हणाल तर व्याख्या आहे तीच लिहू द्या, स्थायूचं द्रव न होता थेट वायूत रूपांतर. उदाहरण विचारलं तर कोरडा बर्फ पहिला लिहायला सांगा, त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. आयोडीन आणि कापूर लिहायचे तर 'वितळण्याच्या तापमानाच्या खाली तापवल्यास' एवढी पुस्ती जोडली की उत्तर निर्दोष होतं. नवसागर मी मुलांना टाळायला सांगेन, पण पेपर तपासणाऱ्याच्या हातात छापील उत्तर असतं हेही खरं, तेव्हा तो निर्णय तुमचा.

वर्गात मात्र आयोडीनचे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी करा. चिमूटभर आयोडीन चंचुपात्रात, वर बर्फाचं पाणी भरलेली बशी आणि खाली गरम पाणी. थोड्या वेळात बशीच्या तळाला चमकदार काळ्या पातळ पापड्या लटकलेल्या दिसतील आणि खाली द्रव अजिबात नसेल. शेजारी तुमची ज्योतीवरची परीक्षानळी. खिडक्या उघड्या हव्यात, आयोडीनची वाफ डोळे आणि घसा जाळते.

कोरडा बर्फ मिळत असेल तर आणखी एक दाखवता येईल. फुग्यासारखं पोट असलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या ड्रॉपरची मान थोडी कापा, आत कोरड्या बर्फाचा भुगा भरा, मान दुमडून पकडीत घट्ट धरा आणि पोट पाण्याच्या पेल्यात बुडवा. आतला दाब वाढत वातावरणाच्या पाचपटीवर गेला की भुग्याच्या जागी स्वच्छ द्रव दिसतो. मुलांनी पुस्तकात 'नसतो' म्हणून वाचलेला द्रव कार्बन डायऑक्साइड तो हाच. लगेच पकड सैल करा, द्रवाचा क्षणात पांढरा भुगा होतो. सैल केली नाही तर ड्रॉपर फाटतो, म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे हवेतच. काचेची नळी किंवा झाकणाची बाटली यासाठी कधीही घेऊ नका. एक किलो कोरड्या बर्फाचा खोलीच्या तापमानाला पाचशे लिटरहून जास्त वायू होतो आणि बंद बाटली स्फोटासारखी फुटते. उघड्या हातांनी त्याला शिवू नका. बंद खोलीत किंवा खिडक्या लावलेल्या गाडीत तो ठेवू नका. वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खाली साचतो आणि त्याने माणसं गुदमरून मेलेली आहेत. आणि वर दिसतो तो पांढरा धूर कार्बन डायऑक्साइडचा नसतो. तो वायू अदृश्य असतो, धूर असतो हवेतल्या बाष्पाच्या बारीक थेंबांचा. त्यामुळे धूर विरला म्हणून वायूही गेला असं धरून चालू नका, खिडक्या पुढेही बराच वेळ उघड्या ठेवा.